दिव्याला विचारायचा प्रश्न

दिवाळी सरली की आमच्या सडक अर्जुनीच्या आसपास गावोगावी मंडई भरते. रात्री झाडीपट्टीचे नाटक असते आणि नाटकाच्या मांडवाला रोषणाई. ती आता एलईडीच्या पट्ट्यांचीही असते. काही पट्ट्यांत प्रत्येक दिव्याला वेगळा रंग देता येतो. अशा दिव्याला लायटिंगवाले 'पिक्सेल' म्हणतात. काही शे रुपयांच्या चिपवर 'डब्ल्यूएलईडी' नावाचा मोफत प्रोग्रॅम टाकला की हे दिवे मोबाईलवरून चालतात.

आता त्यापुढची पायरी आली आहे. "स्टेजच्या कडेला निळा उजेड मंद ठेव" असे नुसते सांगायचे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने ते काम करायचे. आपल्या वतीने असे काम करणाऱ्या प्रोग्रॅमला 'एजंट' म्हणतात. त्याला बाहेरच्या यंत्रांशी जोडण्याची एक रीत अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. तिचे नाव मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल. या रीतीत प्रत्येक कामाला एक नाव असते आणि साध्या वाक्यांत लिहिलेले वर्णन असते. दिव्यांच्या बाबतीत पहिले काम ओळख विचारण्याचे: तू कोण, तुझ्यावर दिवे किती, वीज किती घेतोस?

एजंटला मांडव दिसत नाही. त्याला दिसते ते आलेले उत्तर आणि आपण लिहिलेले वर्णन. म्हणून ते वर्णन कसे लिहिले आहे, याला फार महत्त्व आहे.

डब्ल्यूएलईडीच्या उत्तरात 'पीडब्ल्यूआर' नावाचा एक आकडा येतो. दिवे किती मिलीअँपिअर वीज घेत आहेत, ते तो सांगतो. हे मोजमाप नव्हे, प्रोग्रॅमने केलेला अंदाज आहे. आणि तो आकडा शून्य असला तर? वाचणारा म्हणेल, वीज लागतच नाही. प्रत्यक्षात अर्थ वेगळा आहे. विजेची मर्यादा पाळणारी सोय कोणी बंद केली, तरीही तेथे शून्यच येते. ही मर्यादा मुळात ८५० मिलीअँपिअर ठेवलेली असते. तेवढ्यात लांब पट्टी मंद दिसते, म्हणून काहीजण ती सोय बंदच करून टाकतात.

आता हिशेब करा. पाच व्होल्टच्या पट्टीवरचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की सुमारे ६० मिलीअँपिअर घेतो. ३०० पिक्सेलचे झाले १८ अँपिअर, म्हणजे ९० वॅट. पॉवर सप्लाय दहा अँपिअरचा आणि वायर बारीक असली, तर जोडणी तापते. तीही कापडाच्या मांडवात! एजंटने शून्य वाचून पूर्ण पांढरा उजेड लावला, तर दोष त्याला कसा द्यावा? वर्णनात स्पष्ट लिहायला हवे होते: "शून्य म्हणजे वीज लागत नाही असे नव्हे, अंदाज बंद असू शकतो. अशा वेळी उजेड वाढवू नये, माणसाला विचारावे."

मी कविता लिहिणारा माणूस. कवितेत शब्द थोडा मोघम राहिला तर वाचक त्यात आपला अर्थ भरतो, आणि ते मला गोडच वाटते. येथे तसे चालत नाही. दिव्यांची संख्याच घ्या. यंत्र दिवे मोजून ती सांगत नाही, कोणीतरी सेटिंगमध्ये भरलेला आकडा परत वाचून दाखवते. पट्टी निम्मी कापली तरी उत्तर ३००च. रंगांचा क्रमही असाच माणसाने भरलेला असतो. डब्ल्यूएस २८१२ जातीच्या दिव्यात हिरवा आधी, लाल नंतर. क्रम चुकला तर खलनायकाच्या प्रवेशाला लाल मागावा आणि स्टेज हिरवेगार व्हावे!

ही वर्णने बहुधा इंग्रजीत लिहितात. माझ्या मते त्यांच्या शेजारी मराठीही हवे. आकड्यांची मूळ नावे आहेत तशीच ठेवावीत, पण त्यांचा अर्थ मांडवात शिडीवर चढणाऱ्या पोराला वाचता यावा. चूक पहिल्यांदा त्याच्याच नजरेस पडणार आहे. पट्टी कापली किंवा जोडली की त्याने त्याच दिवशी सेटिंगमधला आकडा बदलावा. पॉवर सप्लाय किती अँपिअरचा आहे, तेही वर्णनात लिहावे, कारण माणसाने सांगितल्याशिवाय ते यंत्राला कळायला दुसरा मार्ग नाही.