भीतीला उपहासाचे औषध नाही

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर 'भीती आणि आपण' असा छापलेला आहे. तो वाचून मी सत्तेच्या दहशतीविषयी, गावगुंडांविषयी किंवा नोकरी जाण्याच्या धास्तीविषयी बोलणार, असा तर्क तुमच्यापैकी अनेकांनी केला असेल. त्या भीतींविषयी आपण नेहमी बोलतो आणि बोललेही पाहिजे. आज मात्र आपल्या सभांतून ज्यांचा उच्चारही होत नाही अशा क्षुल्लक वाटणाऱ्या खाजगी भीतींविषयी मला बोलावयाचे आहे. कोणाला पालीची भीती वाटते, कोणाला उंचीची, कोणाला बंद खोलीची, कोणाला सुईची, तर कोणाला चार माणसांपुढे उभे राहण्याची. ही भीती कारणाच्या मानाने फार मोठी झाली, दीर्घकाळ टिकली आणि तिच्यापायी माणसाचे रोजचे व्यवहार अडू लागले की तिला मानसशास्त्रात भयगंड म्हणतात.

आरंभी माझाच कबुलीजबाब देतो. मला पालीची भीती वाटते. आपल्या घरांतून वावरणारी पाल विषारी नसते, डास आणि कीटक खाऊन ती आपल्यावर उपकारच करते, हे मी वर्गात मुलांना अनेक वर्षे शिकविले आहे. तथापि न्हाणीघराच्या भिंतीवर ती दिसली की माझे पाय उंबऱ्याबाहेरच थांबतात आणि मी पत्नीला हाक मारतो. पोलीस लाठ्या उगारून अंगावर येत असता मी रस्त्यावर बसून राहिलेलो आहे. पण पालीपुढे माझे काही चालत नाही. घरातल्या सर्वांना हे ठाऊक आहे. बाहेर मात्र आजवर मी हे कोणालाही सांगितले नव्हते, कारण मला त्याची लाज वाटत होती. या लाजेविषयीच आज बोलावयाचे आहे. माझ्या एका सहकाऱ्याने तिची फार मोठी किंमत मोजलेली मी पाहिली आहे, आणि त्या किमतीत माझाही वाटा आहे.

हा सहकारी मुंबईत गिरणीकामगार होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणीसंपात तो अखेरपर्यंत टिकला, आणि नंतर हजारो कामगारांप्रमाणे रिकाम्या हातांनी गावी परतला. आमच्या तालुक्यात त्याने शेतमजुरांमध्ये काम सुरू केले. माणूस निधड्या छातीचा. पुढे आमच्या शाखेने एक रक्तदान शिबिर भरविले. खाटा आणणे, चहाची व्यवस्था करणे, आजूबाजूच्या वाड्यांवरून तरुण गोळा करणे, ही सारी कामे त्याने केली. स्वतः मात्र तो खाटेच्या जवळपासही फिरकेना. ध्वनिक्षेपक माझ्या हाती होता. मी म्हणालो, "आमचा वाघ आज शेळी झालेला दिसतो!" सगळे हसले. तोही हसला, निमूटपणे खाटेवर जाऊन बसला, आणि सुई टोचण्यापूर्वीच पांढराफटक पडून कोसळला. लोक पुन्हा हसले.

काही वर्षांनी त्याच्या पायाला जखम झाली. ती बरी होईना, तेव्हा डॉक्टरांनी रक्तातील साखर तपासून घेण्यास सांगितले. त्याने ती तपासणी लांबणीवर टाकली आणि घरी मात्र 'करून आलो' असे सांगितले. अखेर पाय सडला आणि गुडघ्याखाली कापावा लागला. मी रुग्णालयात भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "गुरुजी, तपासणीला मी तीनदा गेलो होतो. दारापर्यंत जाऊन परत आलो. पुन्हा चक्कर येऊन पडलो तर चारचौघांत शोभा होईल, एवढेच मनात येई." मधुमेह त्याला माझ्या विनोदाने झाला नव्हता, हे मला कळते. पण त्या दारातून तो तीनदा परत फिरला, यातून मी स्वतःला मोकळे करू शकत नाही.

आमचे चुकले कोठे, याचा पुढे मी पुष्कळ विचार केला. आपली चळवळ विवेकाचा पुरस्कार करणारी आहे. मांजर आडवे गेल्याने काम बिघडत नाही, अमावास्येच्या रात्री पिंपळावर कोणी बसलेले नसते, हे आपण लोकांना सांगत आलो. याच कामासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना २० ऑगस्ट २०१३ रोजी प्राण द्यावे लागले, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. परंतु या लढ्यात वावरताना आपल्याला एक सवय जडली आहे. जी भीती युक्तिवादाला पटत नाही ती सारी अंधश्रद्धेच्याच खात्यात आपण जमा करतो. वस्तुतः या दोन गोष्टी भिन्न आहेत. अंधश्रद्धा ही एक समजूत आहे. ती बाळगणाऱ्याला ती खरी वाटते, म्हणून तिच्याशी वाद घालता येतो. भयगंड असलेल्या माणसाला बहुधा आपली भीती अवाजवी असल्याचे आपल्यापेक्षाही चांगले ठाऊक असते. त्याच्याशी वाद घालून आपण त्याला माहीत असलेलेच पुन्हा सांगतो आणि वर त्याला ओशाळवाणे करतो.

बुद्धीला पटलेली गोष्ट शरीराला पटतेच असे नाही. याची साक्ष चार्ल्स डार्विनसारख्या शास्त्रज्ञाने देऊन ठेवली आहे. भावनांच्या आविष्काराविषयीचा त्याचा ग्रंथ १८७२ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्याने लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक प्रसंग नमूद केला आहे. जाड काचेपलीकडे एक विषारी आफ्रिकी सर्प होता. डार्विनने काचेजवळ तोंड नेले आणि सर्पाने फणकारा मारला तरी मागे हटावयाचे नाही असा दृढ निश्चय केला. सर्प काचेवर झेपावला मात्र, आणि डार्विन विलक्षण वेगाने मागे उडाला.  मेंदूमध्ये बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. धोक्याचा इशारा देण्यात त्याचा मोठा वाटा असतो, आणि विचार पूर्ण होण्याची वाट न पाहता तो शरीराला हलवितो, एवढे आज आपल्याला माहीत आहे. डार्विनला ते माहीत नव्हते. पण आपली इच्छाशक्ती आणि बुद्धी तेथे निष्प्रभ ठरली हे त्याने स्वच्छ लिहून टाकले. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही.

माणसे कशाला घाबरतात याचाही एक इतिहास आहे. विजेची उघडी तार आणि भरधाव मोटार यांनी आज कितीतरी माणसे मरतात. पण तारेचा किंवा मोटारीचा भयगंड साप, उंची, अंधार यांच्या भयगंडाइतका सहज आढळत नाही. मार्टिन सेलिग्मन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ साली असे प्रतिपादन केले की ज्या गोष्टींनी आपल्या पूर्वजांना लक्षावधी वर्षे धोका दिला त्यांची भीती शिकण्यास माणूस आधीच सिद्ध असतो. थोडे निमित्त पुरते. भीती शिकविताही येते, हे त्यापूर्वी १९२० साली जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर यांनी अमेरिकेत दाखविले होते. अकरा महिन्यांच्या एका बालकासमोर पांढरा उंदीर सोडावयाचा आणि त्याच क्षणी पाठीमागे पोलादी कांबीवर हातोडा मारावयाचा, असा तो प्रयोग होता. थोड्याच दिवसांत ते मूल उंदराला घाबरू लागले. इतकेच नव्हे तर ससा, कुत्रा आणि केसाळ कोट यांनाही घाबरू लागले. ती भीती काढून टाकण्यापूर्वीच मूल तेथून नेले गेले. विज्ञानाच्या नावावर एका असहाय जिवाला दिलेली ही पीडा होती, असेच आज म्हटले पाहिजे.

आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे काम १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या स्त्रीने केले, आणि त्याची चर्चा मात्र कमी होते. मुलांची भीती कशाने जाते, हे तिने पद्धतशीरपणे तपासले. नुसते समजावून सांगून पाहिले. ज्या गोष्टीचे भय ती दीर्घकाळ दृष्टीआड ठेवून पाहिली. इतर मुलांनी चिडविले, मोठ्यांनी रागे भरले, तर काय होते तेही पाहिले. यांपैकी कशाचाही भरवसा देता येईना; चिडविण्याने तर काही वेळा भीती वाढलीच. निःसंशय उपयोगी ठरले ते दोनच उपाय. एक, मूल आवडीचे काही खात असता भीतीची वस्तू दुरून हळूहळू जवळ आणणे; आणि दुसरा, त्या वस्तूला न भिणाऱ्या मुलांच्या सहवासात त्याला राहू देणे. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला भीत असे. या रीतीने तो अखेर त्याच सशाला कुरवाळू लागला. पुढे १९५८ साली जोसेफ वोल्पे यांनी प्रौढांसाठी याच दिशेची उपचारपद्धती शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. भीतीच्या पायऱ्या पाडावयाच्या, सर्वांत सोप्या पायरीवर मन शांत होईपर्यंत थांबावयाचे आणि मगच पुढची चढावयाची. आजही भयगंडावरील उपचारांचा गाभा हाच आहे, आणि तो बहुतेकांना लागू पडतो.

माझ्या सहकाऱ्याच्या भीतीविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण रक्तदान शिबिरे आपण सर्वच भरवितो. इतर भीतींत छाती धडधडते, रक्तदाब चढतो आणि त्यामुळे माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. रक्त आणि सुई यांच्या भीतीत मात्र रक्तदाब क्षणभर चढून एकाएकी कोसळतो, मेंदूला रक्त कमी पडते आणि शुद्ध हरपते. ही प्रवृत्ती अनेकदा एकाच कुटुंबात आढळते. धैर्याशी तिचा संबंध नाही. स्वीडनमधील मानसशास्त्रज्ञ लार्स-गोरान ओस्त यांनी १९८० नंतरच्या दशकात यावर एक बिनखर्चाचा उपाय सिद्ध केला. हात, पाय आणि धड यांचे स्नायू चेहऱ्याला ऊब जाणवेपर्यंत, म्हणजे दहापंधरा सेकंद, घट्ट आवळून धरावयाचे. मग वीसतीस सेकंद सैल सोडावयाचे. आणि असे चारपाच वेळा करावयाचे. त्यामुळे रक्तदाब टिकून राहतो. घरी काही दिवस सराव करून मग रक्त देण्याच्या वेळी हे केले, आणि सुई टोचायची तो हात तेवढा सैल ठेवला, की बहुतेकांना भोवळ येत नाही. मी ध्वनिक्षेपकावरून विनोद केला त्या दिवशी हे मला माहीत असते तर!

आता या विचारातील एका धोक्याकडे लक्ष वेधतो. प्रत्येक भीती मनाचा विकार समजून माणसाला समुपदेशकाकडे पाठविणे ही दुसऱ्या टोकाची चूक होईल. रात्री पाळी संपवून अंधाऱ्या रस्त्याने घरी जाणारी कामगार स्त्री घाबरते, तेव्हा तिच्या मनात बिघाड झालेला नसतो. बिघडलेला असतो तो रस्त्यावरचा दिवा आणि त्या रस्त्यावरचा पुरुष. ज्या गावात दलितांना मारहाण झाली आहे त्या गावच्या चावडीवरून जाताना दलित तरुणाचे पाऊल अडखळले, तर त्याला स्नायू आवळावयास सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल.

सापाचे उदाहरण या दोहोंच्या मधले आहे. आपल्याकडील बहुसंख्य साप बिनविषारी असतात. उंदीर खाणारी निरुपद्रवी धामण केवळ भयापोटी मारली जाते. पण नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष खरेच आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लक्ष माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला आहे. हे मृत्यू मुख्यतः खेड्यांत होतात. शहरातल्या चौथ्या मजल्यावर सापाचे चित्र पाहून थरथरणाऱ्या माणसाला पायरी-पायरीचा उपचार हवा. अनवाणी भात लावणाऱ्या मजूर बाईला गमबूट, विजेरी आणि तालुक्याच्या दवाखान्यात या चारही सापांवर चालणारी प्रतिविषाची लस हवी. दोघांचीही भीती सापाचीच असली तरी एकाचे औषध दुसऱ्याला देऊन चालणार नाही, आणि कोणाला काय हवे हे शोधण्यासाठी आधी त्याचे ऐकून घ्यावे लागते.

म्हणून कार्यकर्त्यांना माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, रक्तदान शिबिरात 'कोणाला सुईची भीती वाटते का' हे नावनोंदणीच्या वेळीच, खाजगीत विचारावे. अशा माणसाला प्रथम आडवे करावे, वर सांगितलेला व्यायाम दाखवावा, आणि त्याला रक्त द्यावयाचे नसेल तर चहाच्या टेबलाचे काम मानाने द्यावे. दुसरी, सभेत बोलावयास घाबरणाऱ्या तरुण मुलामुलींना एकदम व्यासपीठावर ढकलू नये. आधी पाचजणांच्या गटात अहवाल वाचू द्यावा, मग शाखेत, मग सभेत. तिसरी, ज्यांच्या भीतीने त्यांचे कामधंदे आणि औषधपाणी अडले आहे त्यांना उपचारापर्यंत पोचवावे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत असे दिसले की मानसिक त्रास असलेल्यांपैकी फार मोठ्या संख्येला कोणताही उपचार मिळत नाही. २०१७ च्या कायद्याने मानसिक आरोग्यसेवा हा नागरिकाचा हक्क ठरविला आहे, आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. कायद्यातला हक्क तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत आणण्यासाठी झगडणे हे आपले नेहमीचेच काम आहे. फक्त मागण्यांच्या यादीत हे कलम आजवर आपण घातले नव्हते.

माझा तो सहकारी आज कृत्रिम पायावर चालतो. त्याच्या गावात गेल्या वर्षी आरोग्य तपासणी शिबिर झाले, तेव्हा रक्त तपासणीच्या रांगेजवळ तो खुर्ची टाकून बसला होता. जो चुळबुळ करताना दिसे त्याला जवळ बोलावून तो विचारी, "भीती वाटते का? मलाही वाटते. चल, बरोबर जाऊ." त्या दिवशी त्या रांगेतून कोणी परत गेले नाही. मीही त्याच्याच शेजारी बसलो होतो, आणि मांडवाच्या खांबावर एक पाल होती, हेही तुम्हाला सांगून टाकतो. ती प्रथम त्याला दिसली. तो काही न बोलता उठला आणि आपली खुर्ची त्याने माझ्या आणि खांबाच्या मध्ये आणून ठेवली.