एकट्याचें गलबत

देशाटनानें मनुष्यास चातुर्य येतें, ही आपल्याकडील जुनी समजूत आहे. ती खरी आहे, पण अर्धीच. घरून निघतांना जो कांहीं शिकून निघाला, त्यालाच परदेश आणखी कांहीं शिकवितो, असा बहुधा अनुभव येतो. या दृष्टीनें जोशुआ स्लोकम नांवाच्या एका दर्यावर्दी गृहस्थाची हकीकत ऐकण्यासारखी आहे. एकट्यानें, शिडाच्या गलबतांतून, साऱ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालणारा हा पहिला मनुष्य.

स्लोकमचा जन्म कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत १८४४ सालीं झाला. बाप जोडे करी. मुलाची शाळा लहानपणींच सुटली आणि तो दर्यावर गेला. हलक्या कामापासून चढत चढत तो मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान झाला. पण तोंवर काळ पालटला होता. आगबोटी वाढल्या आणि शिडांच्या विद्येला गिऱ्हाईक उरलें नाहीं. त्यांतच १८८७ सालीं ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्याचें स्वतःचें जहाज रुतून फुटलें. जन्मभर शिकलेली विद्या निरुपयोगी ठरावी, याहून मोठी आपत्ति कारागिरावर कोणती?

१८९२ सालीं एका वृद्ध स्नेह्यानें त्याला एक गलबत फुकट देऊं केलें. स्लोकम जाऊन पाहतो तों तें एका शेतांत, जाडें कापड पांघरून, वर्षानुवर्षें पडून राहिलेलें! लोक हंसले. स्लोकमनें मात्र हातीं कुऱ्हाड घेतली. जवळचा ओक वृक्ष तोडून त्यानें तळाचा नवा कणा घडविला. मग एकेक फांसळी व एकेक फळी बदलली. १३ महिने तो खपला. साहित्याला खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. सुमारे ३७ फूट लांब व १४ फूट रुंद अशा त्या गलबताचें नांव ‘स्प्रे’, म्हणजे तुषार. तें घेऊन २४ एप्रिल १८९५ रोजीं तो बोस्टन बंदरांतून निघाला.

आपण पूर्वेस किती आलों हें कळण्यास दर्यावर्दी लोक अचूक घड्याळ बाळगतात. स्लोकमच्या घड्याळाच्या दुरुस्तीस १५ डॉलर पडत होते. ते वांचविण्यासाठीं त्यानें तबकडी फुटलेलें एक साधें पत्र्याचें घड्याळ १ डॉलरला घेतलें. याला कोणी वेडें साहस म्हणेल. परंतु चंद्राचीं अंतरें मोजून आपलें स्थान ठरविण्याची जुनी व किचकट रीत त्याला येत होती. पॅसिफिक महासागरांत एकदां हिशेब जुळेना, तेव्हां त्यानें पुन्हां पुन्हां पडताळा घेतला आणि चूक आपली नसून छापील कोष्टकांतील आहे, हें शोधून काढलें. शाळा सुटली तरी ज्याचा अभ्यास सुटला नाहीं, त्यालाच स्वस्त घड्याळ परवडतें.

गलबतही त्यानें असें बांधलें होतें कीं, शिडें नीट लावून सुकाणू बांधून ठेवलें म्हणजे तें आपल्या वाटेनें सरळ जाई. थर्स्डे बेटापासून हिंदी महासागरांतील कीलिंग बेटांपर्यंतचे २,७०० मैल त्यानें २३ दिवसांत काटले. त्यांत बंदरांत शिरण्याचा वेळ धरूनही तो सुकाणूपाशीं ३ तासांहून कमी उभा होता. बाकीचा वेळ वाचनांत, स्वयंपाकांत व झोपेंत गेला.

मात्र एकटा निघालेला हा मनुष्य पदोपदीं दुसऱ्यांचा ऋणी झाला. भूमध्य समुद्रांतून पूर्वेकडे जाण्याचा त्याचा मूळ बेत होता. तिकडे चांचे आहेत असें जिब्राल्टरच्या इंग्रज आरमारी अधिकाऱ्यांनीं सांगतांच त्यानें आपला हट्ट न धरतां गलबत पश्चिमेस वळविलें. दक्षिण अमेरिकेच्या टोंकाशीं, पुंता आरेनास बंदरांत, एका कप्तानानें त्याला गालिचे ठोकण्याच्या बारीक खिळ्यांची पिशवी दिली. रात्रीं ते खिळे फळ्यांवर पसरून स्लोकम झोपे. एका रात्रीं गलबतावर चढलेले अनवाणी लोक ओरडत परत पळाले. सामोआ बेटांत ग्रंथकार स्टीव्हन्सन यांच्या विधवा पत्नीनें पतीचे नौकानयनाचे ग्रंथ त्याला भेट दिले. सगळीच मदत फळली असें मात्र नाहीं. सेंट हेलेना बेटावर मिळालेल्या बकरीनें वेस्ट इंडीजचा नकाशाच खाऊन टाकला!

सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून २७ जून १८९८ रोजीं स्लोकम न्यूपोर्ट बंदरांत पोंचला. गंमत अशी कीं, त्याला पोहतां येत नसे. १९०९ सालीं तो त्याच गलबतांतून पुन्हां एकटा निघाला, तो परत आला नाहीं. समुद्र कोणाचा कायमचा स्नेही नाहीं, हेंही या हकीकतींतून वगळतां येत नाहीं.

आपल्या किनाऱ्यालाही या कथेचा दुसरा अध्याय लाभला आहे. भारतीय आरमारांतील कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजीं मुंबईहून शिडाच्या नौकेनें एकटे निघाले आणि वाटेंत चार बंदरें घेऊन १९ मे २०१० रोजीं मुंबईस परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. या मोहिमेची कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. आणि ‘म्हादेई’ ही नौका गोव्याच्या कारागिरांनीं बांधलेली.

तेव्हां स्वतंत्र प्रवास याचा अर्थ कोणाचीही गरज नसणें, असा नव्हे. आपलें काम दुसऱ्यावर टाकावयाचें नाहीं, आणि दुसऱ्यानें दिलेला सल्ला टाकून द्यावयाचा नाहीं, या दोन गोष्टी ज्याला एकाच वेळीं साधतात, त्यानें खुशाल एकटें निघावें. ज्या तरुणांना जग पाहण्याची हौस आहे, त्यांनीं तिकिटाची चौकशी करण्यापूर्वीं आपल्या हातांना काय काय येतें, याची एक यादी करून पाहावी.