दिवा का लागला?
मोटारीतील इंधनवाफ आणि तिची निगा

(सुरत येथील लिंबायत भागात मराठी भाषिक वाहनचालक, शिक्षक व नागरिक यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



लिंबायतमध्ये मराठीतून बोलताना आपण परमुलखात आहोत असे वाटत नाही. नंदुरबार, शिंदखेडा, शिरपूर, अमळनेर या भागांतील कुटुंबे यंत्रमागाच्या आणि कापडबाजाराच्या कामासाठी येथे आली, स्थिरावली. त्यांची मुले महानगरपालिकेच्या मराठी शाळांतून शिकली. पूर्वी आखाजीला किंवा कानबाईच्या रोटांना गावी जावयाचे म्हणजे उधन्याहून ताप्ती लाइनची गाडी धरावयाची. ती गाडी आजही आहेच. परंतु आता अनेकांच्या दारापुढे स्वतःची मोटार उभी असते आणि बारडोली, सोनगढ, नवापूर या मार्गाने सारे घर गावी जाते. कित्येकांची तर मोटार हीच रोजी-रोटी आहे. अशा मंडळींपुढे मोटारीतील एका लहानशा दिव्याविषयी बोलण्यासाठी मी आज उभा आहे.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, मी अभियंता नाही. मी कला शाखेचा पदवीधर, आणि माझे काम प्रसिद्धीचे. परंतु या दिव्याने मला जो धडा दिला तो आपल्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे धाडस करीत आहे.

मोटारीच्या काचफळीवर, म्हणजे वेगाचा काटा असतो तेथे, इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा असतो. त्याला सर्वजण 'चेक लाइट' म्हणतात. चावी फिरवताच तो लागतो आणि इंजिन सुरू होताच विझतो. गाडी चालू असतानाही तो तसाच लागून राहिला, तर मोटारीतील संगणकाला काही दोष दिसला आहे, असा त्याचा अर्थ. दोष अनेक प्रकारचे असू शकतात. त्यांपैकी ज्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, त्या इंधनवाफेच्या दोषापुरतेच आज बोलू.

पेट्रोल हे सदैव वाफ होऊ पाहणारे द्रव्य आहे. चैत्र-वैशाखाच्या उन्हात दिवसभर उभ्या असलेल्या मोटारीची टाकी तापते आणि आतील वाफ बाहेर पडावयास वाट शोधते. म्हणजे मोटार धावते तेव्हाच हवा दूषित करते, ही आपली समजूत अपुरी आहे. इंजिन बंद असलेली, दारात उभी असलेली मोटारही हवा दूषित करू शकते. या वाफेत बेंझीन नावाचे द्रव्य असते आणि त्याने कर्करोग होतो हे सिद्ध झालेले आहे. आपल्या देशातील पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक नसावे, असा नियम आहे तो याचसाठी. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरावर धुरकट धुके का साचते, याचा शोध १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने लावला. इंधनाची वाफ आणि धुरातील नायट्रोजनची संयुगे यांवर सूर्यप्रकाश पडला की ओझोनसारखे घातक वायू तयार होतात, असे त्याने दाखवून दिले. त्यानंतर कॅलिफोर्निया राज्यात १९७०च्या आणि संपूर्ण अमेरिकेत १९७१च्या मोटारींपासून ही वाफ अडविणारी व्यवस्था बसविली जाऊ लागली.

ती व्यवस्था साधी आहे. टाकीतून निघालेली वाफ एका नळीने एका डब्यात नेली जाते. त्याला कॅनिस्टर म्हणतात. त्यात विशेष प्रकारचा सच्छिद्र कोळसा भरलेला असतो आणि तो वाफ शोषून धरतो. इंजिन सुरू होऊन तापले की संगणकाच्या हुकमाने एक झडप उघडते. तिला पर्ज व्हॉल्व्ह म्हणतात. इंजिन आपल्या ओढीने डब्यातील वाफ खेचून घेते आणि जाळते. डबा रिकामा होतो, वाफ वाया जात नाही आणि गल्लीतील हवाही बिघडत नाही. स्कूटर आणि मोटारसायकल यांनाही १ एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज चारच्या नियमांनंतर असा डबा आला. 'हा डबा कशाला हवा?' असे म्हणून तो काढून टाकणारे महाभाग आपण पाहिले असतील. तसे करणे हे कायद्याच्या विरुद्ध आहेच, शिवाय ते आपल्याच अंगणातील हवेत पेट्रोल सोडण्यासारखे आहे.

आता माझी हकीकत सांगतो. माझी मोटार पेट्रोलची, भारत स्टेज सहाच्या नियमांनुसार बनलेली, परंतु दुसऱ्याच्या हातून घेतलेली. पंपावर नळी आपोआप बंद झाली, तरी 'अजून थोडे घाला' असे सांगून टाकी काठोकाठ भरून घ्यावयाची मला सवय होती. एके दिवशी सोनगढच्या पुढे पेट्रोल भरले आणि गाडी लवकर सुरूच होईना. सुरू झाली ती अडखळत. दोन दिवसांनी दिवा लागला. एका गॅरेजात दाखविली. यंत्राने कोड वाचला गेला : पी ०१७२, म्हणजे मिश्रणात पेट्रोल अधिक. तेवढ्यावरून धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर बदलला गेला, स्पार्क प्लगही बदलले. साडेसहा हजार रुपये गेले. कोड पुसला, दिवा विझला, आणि पाचव्या दिवशी पुन्हा लागला. मग 'दिवाच काढून टाकू' असा सल्ला मिळाला. खरे सांगावयाचे तर, मी तो मानण्याच्या बेतात होतो.

त्या सुमारास कामानिमित्त येथे आलो असता याच भागातील एका कारागिराला गाडी दाखविली. त्याने प्रथम काहीच उघडले नाही. केवळ विचारले, "गाडी सुरू व्हायला त्रास केव्हा होतो? सदैव, की पेट्रोल भरल्यावर?" मी म्हटले, "पेट्रोल भरल्यावर." इंजिन थंड होऊ दिले, सुरू केले, आणि झडपेकडे डब्याकडून येणारी नळी काढून त्याने तेथे बोट ठेवले. बोट ओढले जात होते. इंजिन थंड असताना ही झडप बंद असावयास हवी. ती उघडी अडकली होती. पेट्रोल भरताना टाकीतून जी वाफ डब्यात ढकलली जाते, ती सरळ इंजिनात शिरत होती. झडप काढून त्याने पांढऱ्या फडक्यावर आपटली, तेव्हा काळे कण पडले. काठोकाठ भरलेल्या टाकीतील पेट्रोल डब्यात जाऊन कोळसा खराब झाला होता आणि त्याचे कण झडपेत अडकले होते. मी दिव्याला नावे ठेवली, तेव्हा तो आपल्या अहिराणीत म्हणाला, "साहेब, दिवा बिघडेल नही, तो सांगी ऱ्हायना." दिवा बिघडला नव्हता, तो सांगत होता, ऐकणाऱ्यांनीच अर्धे ऐकले होते. झडप आणि डबा बदलले, नळ्या फुंकून साफ केल्या. त्यानंतर तो दिवा लागलेला नाही.

यावरून जो क्रम मी शिकलो तो आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, दिवा स्थिर आहे की लुकलुकतो आहे हे पाहा. लुकलुकत असेल तर इंजिनात पेट्रोल नीट जळत नाही, असा बहुधा त्याचा अर्थ असतो. गाडी कडेला घेऊन थांबवावी. तेलाच्या कुपीचा तांबडा दिवा निराळा, त्यालाही थांबणे हेच उत्तर. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र महिनोन्‌महिने तसेच चालवू नये. एका दोषाने दिवा लागलेलाच राहिला, तर उद्या दुसरा गंभीर दोष आला तरी आपणास तो कळणार नाही.

दुसरी गोष्ट, टाकीचे झाकण. ते नीट आवळलेले आहे का, त्याची रबरी कडी फाटली आहे का, हे पाहण्यास पैसा लागत नाही. परंतु येथे एक भेद ध्यानात घ्यावा. 'झाकण सैल, म्हणून दिवा' ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतील मोटारींची आहे. तेथील नियमांप्रमाणे मोटार स्वतःच संपूर्ण व्यवस्थेतील गळती तपासते. सुमारे अर्ध्या मिलिमीटरच्या छिद्राएवढी गळतीही ती पकडते. पी ०४४२, पी ०४५५, पी ०४५६ हे कोड त्या गळतीचे. आपले नियम युरोपच्या धर्तीवर आहेत. त्यांत किमान अपेक्षा आहे ती पर्ज व्हॉल्व्हच्या विजेच्या जोडणीवर नजर ठेवण्याची. म्हणून आपल्याकडील पुष्कळशा मोटारींत सैल झाकणाने दिवा लागेलच असे नाही, आणि दिवा लागला नाही म्हणून गळती नाही असेही नाही. झाकणाभोवती पेट्रोलचा वास येत असेल तर दिव्याची वाट पाहू नये.

तिसरी गोष्ट, कोड वाचून घ्यावा आणि कागदावर लिहून घ्यावा. लिहिण्यापूर्वी पुसू देऊ नये. कोडबरोबर दोष घडला त्या क्षणीची नोंदही संगणकात असते : इंजिन थंड होते की तापलेले, गाडी उभी होती की धावत होती. पुसताना तीही जाते. पी ०४४३, पी ०४४४, पी ०४४५ हे कोड झडपेच्या विजेच्या जोडणीचे, तर पी ०४४१ हा वाफेचा प्रवाह चुकीचा असल्याचा. मात्र माझ्या मोटारीप्रमाणे झडप उघडी अडकली तर कोड मिश्रणाचाही येऊ शकतो. कोड हा पत्ता आहे, निकाल नव्हे.

चौथी गोष्ट, डोळ्यांनी पाहावे. नळ्या उन्हाने तडकतात, उंदीर त्या व वायरी कुरतडतात. डबा अनेक मोटारींत खाली, टाकीजवळ असतो. पावसाळ्यात मिठी खाडीचे पाणी सखल वस्त्यांत शिरते, तेव्हा त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीच्या डब्यात पाणी व गाळ जाऊ शकतो आणि हवेची वाट बुजू शकते. झाकण उघडताना मोठ्याने सूऽ असा आवाज येऊन हवा आत ओढली जात असेल तर ही शंका घ्यावी.

पाचवी गोष्ट, झडपेची परीक्षा. वीज नसताना ती बंद असते, म्हणून काढून फुंकले तर हवा पार जाता कामा नये. जोडणीपाशी चावी लावल्यावर वीज येते का आणि झडपेच्या गुंडाळीचा रोध कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे आहे का, हे कारागीर मीटरने पाहू शकतो. एवढ्यानेही गळती सापडत नसेल तर व्यवस्थेत धूर सोडून तो कोठून निघतो हे पाहण्याचे यंत्र असते. हे सर्व काम मोकळ्या जागी, इंजिन थंड असताना करावे, आणि जवळ कोणी विडी ओढत असेल तर त्याला आधी दूर पाठवावे. पेट्रोलची वाफ दिसत नाही, परंतु पेटते.

सहावी गोष्ट, दुरुस्तीनंतर कोड पुसून दोन-चार दिवस गाडी नेहमीप्रमाणे चालवावी. दिवा त्याच क्षणी विझला याला काही अर्थ नाही. तो विझलेलाच राहिला याला अर्थ आहे.

जे बंधू गॅसवर गाडी चालवितात त्यांनी हे आपल्यासाठी नाही, असे समजू नये. गॅसच्या मोटारीतही बहुधा पेट्रोलची टाकी, डबा आणि झडप असते; दिवा लागला की सारा दोष गॅसच्या किटवर टाकणे योग्य नव्हे.

कोणी म्हणेल, 'आमच्यापाशी पीयूसीचे प्रमाणपत्र आहे.' ते असावयासच हवे. परंतु ती तपासणी धुराच्या नळीची आहे. टाकीतून निसटणारी वाफ त्या नळीतून जातच नाही, तेव्हा प्रमाणपत्राला ती दिसणार कशी? तिची काही खबर देऊ शकणारा मोटारीतील एकच साक्षीदार म्हणजे हा दिवा. आणि तोच काढून टाकावा, असे सांगितले जाते! प्रदूषणाचे नियम मोडून वाहन चालविल्यास, २०१९ च्या सुधारणेनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु मी दंडाच्या भयाने हे सांगत नाही. आपल्या गल्ल्या अरुंद आहेत. मोटार दाराला लागून उभी असते, आणि उंबरठ्यावर लहान मुले खेळत असतात. ती वाफ प्रथम त्यांच्या नाकात जाते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना विनंती की, बाष्पीभवन शिकविताना दारातील मोटारीचे उदाहरण द्यावे. मुले घरी जाऊन वडिलांना प्रश्न विचारतील. कारागीर बंधूंना विनंती की, सुटे भाग बदलण्यापूर्वी गिऱ्हाईकाला चार प्रश्न विचारावेत. आणि आपणा सर्वांना विनंती एवढीच की, पंपावर नळी आपोआप बंद झाली की 'पुरे' म्हणावे, आणि दिवा लागला तर तो विझविण्यापूर्वी तो काय सांगतो हे पूर्ण ऐकून घ्यावे.