पाहुण्यांना वर्धा दाखवताना



बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे ही सगळी वर्धा शहराला लागून असलेली गावं. आमच्या बोरगावात प्रेक्षणीय स्थळ म्हणून काही नाही. पण पाहुणे येतातच, आणि दुसऱ्या दिवशी चहा घेता घेता विचारतात, "काय पाहायचं हो इथे?" मग आपण त्यांना ऑटोत बसवतो, सेवाग्रामला गांधीजींच्या कुटीसमोर फोटो काढतो, येताना गोरसपाक या इथल्या बिस्किटांचा पुडा हातात देतो, की वर्धा संपलं! या पद्धतीशी माझं भांडण आहे.

सेवाग्राम पाहू नका असं मी म्हणत नाही. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले तेव्हा ते सेगाव होतं. सेवाग्राम हे नाव 1940 चं. वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज घर बांधून द्यायला निघाले, तर बापूंनी अट घातली : खर्च शंभर रुपयांच्या वर जाता कामा नये, आणि सामान, मजूर जवळपासचेच हवेत. त्यातून आदिनिवास उभा राहिला. आज जिला बापू कुटी म्हणतात ती मुळात गांधीजींची शिष्या मीराबहन हिची. तिथल्या भिंतींवर मातीतच उठवलेला चरखा आणि झाडं तिच्याच हातची आहेत. लगतच्या कार्यालयात व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोन आहे. सगळे त्याच्यापाशी थांबतात. मी मात्र पाहुण्यांना साप धरण्याच्या पिंजऱ्यापाशी थांबवतो. आश्रमात साप निघे, आणि तो मारायचा नाही असं ठरलेलं. मग धरून लांब सोडून यायचा. अहिंसा म्हटली की अशी खटपट आलीच. थोडं पुढे परचुरे शास्त्रींची कुटी. संस्कृतचे पंडित, कुष्ठरोग जडलेला. लोक सावलीला उभं करत नसत त्या काळात गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. या कुटीत बहुतेक जण नुसते डोकावतात.

अशी जुनी घरं जपायला इतरत्र किती खटपट करतात पाहा. स्वीडनमध्ये, स्टॉकहोमला, स्कान्सेन नावाचं उघड्यावरचं संग्रहालय आहे. आर्तुर हासेलियस या गृहस्थांनी ते 1891 मध्ये सुरू केलं. देशभरातली जुनी घरं उचलून त्यांनी एका टेकडीवर आणून मांडली. आपल्याला काही उचलून आणावं लागलं नाही. जे आहे ते जिथे बांधलं तिथेच आहे. म्हणूनच बहुधा त्याची किंमत वाटत नाही.

वर्धा शहरातलंच मगन संग्रहालय घ्या. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींच्या हस्ते ते उघडलं. मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम चाले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथेच असत. चरखे, तेलघाणी, हातकागद, मधमाश्या या सगळ्यांवर तिथे प्रयोग झाले. गांधींचं अर्थशास्त्र पुस्तकातून समजत नसेल तर इथे डोळ्यांनी पाहता येतं. माझ्या मते वर्ध्यात पहिल्यांदा पाहण्याची जागा हीच. आणि वर्ध्यात जन्म गेलेली, पण इथे पाऊल न टाकलेली माणसं मला रोज भेटतात.

लक्ष्मीनारायण मंदिराचंही तेच. 1928 मध्ये जमनालालजींनी, बजाज घराण्याचं हे मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुलं केलं. नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तो 1930 मध्ये. आपण मात्र आपल्या या मंदिरासमोरून भाजी घेऊन जातो आणि वर पाहत नाही. काँग्रेसचे पुढारी वर्ध्यात आले की जिथे उतरत, ती बजाजवाडी तर पाहुण्यांना ठाऊकही नसते. 'भारत छोडो'चा ठराव मुंबईत मंजूर झाला हे सगळे सांगतात. पण त्याआधी, 14 जुलै 1942 रोजी, काँग्रेस कार्यकारिणीने तो केला तो वर्ध्यात.

आता पवनार. धाम नदीच्या काठावर विनोबा भावे 1938 मध्ये राहायला आले. 1940 मध्ये वैयक्तिक सत्याग्रहाचा पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी इथूनच भाषण केलं, आणि 15 नोव्हेंबर 1982 रोजी इथेच देह ठेवला. त्यांनी 1959 मध्ये स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर ही साधक बहिणींची वसाहत आहे. पण पवनार विनोबांपेक्षा कितीतरी जुनं आहे. आश्रमाची जमीन खणताना मूर्ती निघाल्या, भरतभेटीचं शिल्प निघालं. इतिहास संशोधक महामहोपाध्याय मिराशींनी ती रामायणातली दृश्यं असल्याचं ओळखलं, आणि वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मांडलं. 'सेतुबंध' हे प्राकृत काव्य ज्याच्या नावावर आहे, तो हा राजा. म्हणजे पाचव्या शतकातलं शिल्प आणि विसाव्या शतकातला आश्रम एकाच मातीत. गांधीजींच्या अस्थींचा काही भागही 1948 मध्ये याच धाम नदीत सोडला गेला. आश्रमाच्या भिंतींत बसवलेली शिल्पं पाहायला निदान तासभर तरी हवा.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. सेवाग्राम नावाचं स्टेशन आहे, त्याला पूर्वी वर्धा पूर्व म्हणत. तिथे उतरलं की समोर आश्रम, अशा समजुतीने पाहुणे उतरतात आणि मग विचारत बसतात. आश्रम तिथून काही किलोमीटर आहे. त्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि पाहुण्यांची वाट पाहू नका. घरातली मुलं घेऊन एका सकाळी मगन संग्रहालयात जा, दुसऱ्या सकाळी पवनारला. गोरसपाक दोन्ही दिवशी घेता येईल.