प्रश्न कांद्याचा, उत्तर ओवाळणीचे

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



लोकशाहीवरचे व्याख्यान म्हटले की संसद, घटना, निवडणूक आयोग यांपासून सुरुवात करायची पद्धत आहे. मी आज बाजार समितीच्या आवारापासून सुरुवात करतो, कारण मतदाराच्या मनात काय चालले आहे ते तिथे आधी कळते.

कांद्याचा लिलाव ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते, ट्रॉलीचा फाळका उघडलेला असतो. व्यापाऱ्यांचा घोळका एकेका ट्रॉलीपाशी येतो. कोणी दोन कांदे उचलून दाबून बघतो, कोणी तळातला माल उकरतो. बोली सुरू होते, चढते, अडते आणि मिनिटाभरात संपते. त्या मिनिटाभरात चार महिन्यांच्या कष्टाची किंमत ठरून पावतीवर लिहिली जाते. शेतकरी बाजूला उभा असतो. बोलीत त्याला जागा नाही.

८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावून झालेच होते. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शेतकरी उतरले. पुढच्या काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आले. बंदीची मुदत ३१ मार्चपर्यंत होती, ती संपण्याआधीच वाढवली गेली. बंदी उठली ४ मे २०२४ ला, तीही ४० टक्के शुल्क आणि किमान निर्यातमूल्य लावून. दिंडोरी आणि नाशिकचे मतदान होते २० मे रोजी. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवार एक लाखाहून जास्त मतांनी हरल्या. निवडून आलेले भास्कर भगरे पेशाने शिक्षक. राज्यातल्या ४८ पैकी ३० जागा विरोधी महाविकास आघाडीला, १७ सत्ताधारी महायुतीला मिळाल्या. या निकालाला कारणे अनेक होती, पण कांद्याचा फटका बसला हे सत्ताधारी नेत्यांनी स्वतः जाहीरपणे कबूल केले.

सरकारने बंदी का घातली, हेही प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. १९९८ मध्ये दिल्लीत कांदा महागला आणि विधानसभेच्या निवडणुकीत सुषमा स्वराज यांचे सरकार गेले. तेव्हापासून कोणतेही केंद्र सरकार शहरातल्या भाजीच्या पिशवीला घाबरून असते. शहरातल्या गृहिणीची काळजी खोटी नाही आणि निफाडच्या शेतकऱ्याचीही नाही. या दोन खऱ्या काळज्यांमध्ये मार्ग काढणे, साठवणूक वाढवणे, निर्यातीचे धोरण आधी जाहीर करणे, गरज पडली तर सरकारने स्वतः पैसे घालून भाव सावरणे, यालाच राजकारण म्हणतात. ते कष्टाचे काम आहे. ते टाळायचे असेल तर दोन सोपे रस्ते आहेत: एक, लोकांचे लक्षच दुसरीकडे नेणे, दुसरा, प्रश्नाचे उत्तर न देता प्रश्न विचारणाऱ्याला काहीतरी देऊन मोकळे होणे.

पहिल्या रस्त्याचे उदाहरण म्हणून मला सप्टेंबर २०२० आठवतो. अभिनेते सुशांतसिंह राजपूत यांच्या मृत्यूला तीन महिने होत आले होते. वृत्तवाहिन्यांवर सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. एका अभिनेत्रीच्या घराखाली कॅमेरे, गाडीच्या काचेला चिकटलेले माइक, निवेदकांनी स्टुडिओत बसून दिलेले निवाडे. त्याच दिवसांत देशाचे सकल उत्पादन तिमाहीत जवळजवळ २४ टक्क्यांनी घसरल्याचा आकडा आला होता. करोनाचे रोजचे रुग्ण नव्वद हजारांवर गेले होते. आणि १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद झाली. लक्षात घ्या, दुसऱ्याच दिवशी लोकसभेत असे विधेयक मंजूर झाले की कांदा-बटाट्यासारखा शेतमाल जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणातून एरवी मोकळा राहील! एका हाताने बाजार मोकळा करायचा आणि दुसऱ्या हाताने सीमा बंद करायची, या विसंगतीवर नाशिकच्या पारापारावर बोलले जात होते. आपल्या घरातल्या पडद्यावर या विसंगतीवर किती चर्चा झाली ते तुम्हीच आठवून बघा.

पुढे जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या या खटल्यावर कठोर शब्दांत निकाल दिला. सीबीआयने मार्च २०२५ मध्ये राजपूत यांच्या मृत्यूचा तपास बंद करण्याचा अहवाल दिला. पण जे महिने गेले ते गेले. माध्यमे आपल्याला काय वाटावे हे ठरवू शकत नाहीत, मात्र कशाबद्दल वाटावे हे बऱ्याच अंशी ठरवतात. मॅककॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकन अभ्यासकांनी १९६८ च्या अध्यक्षीय निवडणुकीत हे तपासून पाहिले होते. आपल्याकडे दिलासा इतकाच की पोटाचा प्रश्न पडद्यावरून पुसला तरी मनातून पुसला जात नाही. २०२४ च्या लोकसभेआधी लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेच्या पाहणीत २७ टक्के लोकांनी बेरोजगारी आणि २३ टक्के लोकांनी महागाई हा सर्वांत मोठा प्रश्न सांगितला. राममंदिर ८ टक्क्यांनी. वाहिन्यांवरची वेळ या आकड्यांच्या उलट प्रमाणात वाटली गेली होती, असे माझे मत आहे.

आता दुसरा रस्ता. इथे मला सावकाश बोलायचे आहे, कारण यावर उथळ बोलणे फार झाले.

लोकसभेच्या निकालानंतर महिनाही झाला नव्हता, २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली. महिना १५०० रुपये. जुलैभर तहसील कचेऱ्या आणि सेतू केंद्रांवर झुंबड उडाली. अंगणवाडी सेविका फॉर्म भरून देत होत्या. आधार बँकेशी जोडलेले नाही म्हणून बायका लेकरे कडेवर घेऊन रांगेत उभ्या. रक्षाबंधनाच्या तोंडावर दोन महिन्यांचे तीन हजार खात्यात पडले. आचारसंहिता लागण्याआधी नोव्हेंबरपर्यंतचे हप्ते जमा झाले होते. नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० च्या आसपास जागा मिळाल्या.

‘बायकांनी मते विकली’ असे ज्यांनी म्हटले, त्यांचा मला राग येतो. ज्या बाईच्या नावावर आयुष्यात कधी सात-बारा आला नाही, तिच्या स्वतःच्या खात्यात स्वतःचे पैसे आले. त्यातून औषध आले, मुलीची एसटीची भाडी निघाली, कुणाला नवऱ्यापुढे हात पसरावा लागला नाही. ती भुलली नाही. तिने मिळालेल्या गोष्टीची नोंद घेतली, जशी मे महिन्यात तिच्याच घरातल्या माणसांनी बुडालेल्या पैशांची घेतली होती. मतदार दोन्ही वेळा शहाणाच होता.

माझा आक्षेप देण्याच्या रीतीला आहे. पैसे सरकारी तिजोरीतले, म्हणजे तिचेही. पण ते आले भावाची ओवाळणी म्हणून. भावाकडे हिशेब मागत नाहीत. निवडणुकीपूर्वी अर्ज सढळ हाताने मंजूर झाले, नंतर पडताळणीची चाळणी लागली. प्रचारात २१०० चे आश्वासन होते, मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी ठेवले गेले, २१०० ची घोषणा झाली नाही. विरोधकांनी तीन हजारांचे वचन दिले होते, म्हणजे त्यांनीही त्याच लिलावात बोली वाढवली. आणि या सगळ्यात शेतमालाच्या भावाचे काय? तेव्हा सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, बाजारात माल त्याखालीच विकला जात होता. लोकानुनय या गोष्टीला म्हणावे. नागरिकाला उपकृत करून त्याचा मूळ प्रश्न गप्प करणे, ही त्याची खूण आहे. केवळ पैसे वाटण्याने कोणी लोकानुनयी होत नाही.

याच महाराष्ट्राने वेगळे करून दाखवले आहे. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला, १९७२ च्या दुष्काळाने त्याची गरज सिद्ध केली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. त्यासाठी शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. काम मागायचे, आणि पंधरा दिवसांत मिळाले नाही तर भत्ता मागायचा. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाईने कुणाला राखी बांधलेली नव्हती, आणि मजुरी थकली तर ती तहसीलदारासमोर मोर्चा घेऊन जात होती. भ्रष्टाचार तिथेही झाला, मस्टरवर खोटी नावे लागली. पण भांडायला कायद्याचे कलम हातात होते. देशाने २००५ मध्ये तोच धडा घेऊन रोजगार हमीचा कायदा केला.

म्हणून पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या कोणत्याही पक्षाला दोन गोष्टी विचारा. १५०० रुपयांचा कायदा करणार का, ज्यात रक्कम, पात्रता आणि तक्रारीची जागा लिहिलेली असेल आणि सरकार बदलले तरी जो बदलणार नाही? आणि कांद्याच्या निर्यातीचे धोरण दरवर्षी ऑक्टोबरच्या आधी, म्हणजे उन्हाळ कांद्याची रोपे टाकण्यापूर्वी, जाहीर करणार का? २०२३ च्या डिसेंबरात बंदी आली तेव्हा नाशिक भागात लागवड सुरू झालेली होती. बियाणे, मजुरी, खते, सगळा खर्च मातीत गेला होता आणि मागे फिरायला जागा नव्हती.