अलिबाग स्वस्तात करा, पण तिथी बघून

बरेच जण विचारतात, "खिसा रिकामा, सुट्टी एकच दिवस, जायचं कुठे?" माझं उत्तर ठरलेलं, अलिबाग. पण आज आधी माझा एक गाढवपणा सांगतो.

कॉलेजात असताना मी आणि माझा मावसभाऊ गेटवेहून सकाळच्या पहिल्या बोटीने निघालो. तासाभरात मांडवा. पुढे अलिबागपर्यंतची बस बोटीच्या तिकिटातच. मिसळ खाल्ली आणि चालत किनाऱ्यावर गेलो. समोर कुलाबा किल्ला. १६८० साली शिवाजी महाराजांच्या आज्ञेने याचं काम सुरू झालं, पुढे हे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं झालं.

दहा वाजले होते, पाणी घोट्याएवढं. घोडागाडीवाले बोलवत होते, आम्ही म्हटलं कशाला पैसे घालवा? चालत गेलो. संकष्टी होती, आतल्या गणपतीचं दर्शन घेतलं, गोड्या पाण्याचं तळं बघितलं, तटावर फोटो काढत बसलो. बाराला परत निघालो तर वाट गायब!

"गुडघाभरच आहे रे," मी म्हटलं आणि पाण्यात उतरलो. अर्ध्या वाटेत पाणी कमरेला लागलं. भावाचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सटकला. त्याला पोहता येत नाही, हे मला माहीत होतं. दंड धरून ओढला म्हणून वर आला. मोबाईल गेला तो गेलाच. तसेच मागे फिरलो, किल्ल्यावर थरथरत बसलो आणि पाणी वाढल्यावर नावेने परत आलो. वाचवलेले पैसे नावेत गेले. मावशीला काय तोंड दाखवलं असतं, हा विचार मात्र अजून जात नाही.

किनाऱ्यावर एक कोळीण मावशी वाळवण राखत बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरांनो, आज चतुर्थी ना? मग तीनला भरती. एवढं पण नाय ठाऊक?"

त्यांनी सांगितलेला हिशेब लिहून ठेवा. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार पाऊणे तीन. त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर ओहोटी, म्हणजे सकाळी नऊ. आम्ही दहाला गेलो तेव्हाच पाणी चढायला लागलं होतं! म्हणून ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी जा आणि पाणी फिरायच्या आत परत या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप आत जातं तसं जोरात येतंही. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा ओहोटीलाही वाट पूर्ण कोरडी होईलच असं नाही. हा अंदाज झाला. मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक बघा आणि तिथल्या माणसाला विचाराच.

उरलेल्या वेळात काय? गावातच कान्होजी आंग्र्यांची समाधी आहे. मुरूडकडे जाणारी एसटी पकडून कोर्लईला उतरा. दीपगृहापासून वर चढलं की पोर्तुगीजांचा किल्ला, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दर्या. खाली गावात आजही काही घरांत पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात. पावसाळ्यात गेटवेची बोट बंद असते, तेव्हा पनवेलहून एसटी. आणि त्या दिवसांत समुद्रात उतरूच नका.

पोहता न येणारा एखादा मित्र तुमच्या ग्रुपमध्ये असेलच. हा भाग त्याला नाही, त्याला घेऊन जाणाऱ्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात!