माती जाते, ती कुणाची?

(महिला शेतकऱ्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा सारांश)



जमिनीची धूप हा विषय शेतकी खात्याचा. बायकांच्या शिबिरात तो कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी धूप होते कशी ते पाहू.

पावसाचा टपोरा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने आदळतो. रान उघडं असलं तर ढेकूळ फुटतं, बारीक कण उडतात आणि जमिनीची छिद्रं बुजवतात. मग पाणी मुरत नाही, उताराने धावतं. आधी सगळ्या रानावरून मातीचा पातळ थर जातो. तो जाताना कळतही नाही. मग ओघळी पडतात, ओघळींच्या घळी होतात. घळ दिसते तोवर कसदार माती केव्हाच गेलेली असते, मागे मुरूम उरतो. बोटभर माती तयार व्हायला मात्र शेकडो वर्षं लागतात.

सोलापूरकडे रब्बी ज्वारीची काळी रानं पावसाळाभर उघडी राहतात, तिथे हे जास्त घडतं. इस्रोच्या २०१८-१९ च्या पाहणीप्रमाणे देशातली सुमारे ३० टक्के जमीन कस गमावत चालली आहे.

आता याचा भार कुणावर ते बघा. माती गेली की पाणी मुरत नाही, विहीर लवकर आटते. गवत, सरपण कमी होतं. सरपण नाही म्हणून शेण गोवऱ्या होऊन चुलीत जातं, रानाला खत मिळत नाही आणि माती आणखी सुटते. या फेऱ्यातला हंडा, भारा आणि मोळी, तिन्ही बाईच्याच डोक्यावर.

उपाय माहीत आहेत: उताराला आडवी पेरणी, समपातळी बांध, पावसाळ्यात हुलगा-मटकीसारखं जमीन झाकणारं पीक, बांधावर गवत. १९७२ च्या दुष्काळी कामांपासून, पुढे रोजगार हमीवरही, या बांधांची माती बायकांनीच पाट्यांनी वाहिली. पण बांध कुठे घालायचा, हे सातबाऱ्यावर नाव असणारा ठरवतो. मी पाणलोटाच्या बैठकांना बसले आहे. पुढे खातेदार, दाराशी बायका. चराईबंदीचा ठराव होतो, तेव्हा भूमिहीन बाईने शेळी कुठे चारायची, हे कुणी विचारत नाही. मग रात्री शेळ्या शिरल्या की दोष तिलाच.

वडिलोपार्जित जमिनीत मुलींना समान हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ साली देशभरच्या कायद्याने तो फरकही काढला. तरी 'भावाशी वाईटपणा नको' म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या होतातच.

तेव्हा गावी गेल्यावर दोन कामं करा. तलाठ्याकडून सातबारा काढून आपलं नाव आहे का ते बघा. आणि पहिल्या मोठ्या पावसात कुठल्या रानातून गढूळ पाणी निघतं ते चारचौघी मिळून पाहून या, आणि ग्रामसभेत सांगा. बांधाची जागा तिथून ठरू दे. चराई बंद करायची तर आधी चाऱ्याची सोय मागा. माती वाहणाऱ्या हातांना माती राखण्याचा अधिकारही हवा.